दल्लेने मोजलेला रविवार

दल्ले जन्माने कुंभारीण नव्हती. तिचा बाप पोथ्या नकलून पोट भरणारा माणूस. त्याचं अक्षर इतकं रेखीव की दर हिवाळ्यात परदेशी फादर त्याच्याकडे एक कागद पाठवायचे आणि बाप त्याच्या वीस-पंचवीस नकला करून द्यायचा. वर्षभरातले सगळे सण, उपास, रविवार त्या तक्त्यात असत. ख्रिस्ताचं नाव घेणं गुन्हा होता त्या काळच्या कोरियात, म्हणून या नकला मिठाच्या पोत्यांतून, जोड्यांच्या तळव्यांतून डोंगरातल्या वाड्यांपर्यंत पोचायच्या. नऊ वर्षांची असल्यापासून दल्ले बापाच्या शेजारी बसून शाई घोटत होती. पुढे निम्म्या नकला तीच करू लागली. बापाला वाटायचं, कुणाला फरक कळत नाही. फादरांना कळायचा. तिचं अक्षर जास्त चांगलं होतं.

सतराव्या वर्षी तिचं पिलसॉकशी लग्न झालं. तोही त्याच धर्माचा, मऊ स्वभावाचा, चेष्टेखोर. बारा वर्षांचा संसार झाला. मूल राहिलं नाही, पण घरात सासू होती आणि सासूचं तोंड होतं, त्यामुळे घर कधी सुनं वाटलं नाही.

मग मोठी धरपकड झाली. फादर सापडले, मारले गेले. पिलसॉकला घरातून नेलं. दल्ले तुरुंगाच्या दाराशी तीन वेळा लापशीचा वाडगा घेऊन गेली. चौथ्या खेपेला पहारेकऱ्याने वाडगा उघडूनसुद्धा पाहिला नाही, तसाच तिच्या हातात परत दिला. घरी आली, सासूला उठवलं आणि दोघी अंगावरच्या कपड्यांनिशी डोंगराकडे निघाल्या.

तोकगोल ही सात घरांची कुंभारवाडी. सातही घरं त्यांच्यासारखीच पळून आलेली. मडकी करणाऱ्याला कुणी कुळ विचारत नाही, त्याच्या घरी कुणी पाणी पीत नाही, आणि डोक्यावर रांजण असला की कुठल्याही दारात उभं राहता येतं. लपायला याहून चांगला धंदा नव्हता. दल्ले मातीच्या वळ्या थापायला शिकली, राखेची झिलई द्यायला शिकली, दोन रांजण एकावर एक रचून तीन कोस चालायला शिकली. सासू म्हणायची, "बोटं शाईने काळी होती, ती आता मातीने पिवळी झाली. एकूण धुतलेली मी कधी पाहिली नाहीत."

वाडीचे वडीलधारे होते मेंग आजोबा. डोळ्यांत फूल पडलेलं, पण सगळ्या प्रार्थना तोंडपाठ. फादर नसताना रविवारी सगळ्यांना एकत्र बसवणं, मुलांना शिकवणं, मेलेल्याला मूठमाती देणं हे त्यांच्याकडे. सगळं त्यांना येत होतं. एक गोष्ट मात्र येत नव्हती.

पुनरुत्थानाचा सण, ज्याला फादर ईस्टर म्हणत, तो नेमका कधी येतो?

बाकीचे सण ठरलेल्या दिवशी यायचे. हा मात्र दरवर्षी जागा बदलायचा. आणि सगळं वर्ष त्याच्या दोरीला बांधलेलं. तो कळला तर त्याच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपास कळणार, दुःखाचा शुक्रवार कळणार. पहिल्या वर्षी जुना तक्ता कुणाकडे तरी सापडला आणि निभावलं. दुसऱ्या वर्षी तक्ता नव्हता, पाठवणारे फादर नव्हते.

"मला एवढं आठवतंय," मेंग आजोबा म्हणाले, "वसंतातली पौर्णिमा. आपल्या प्रभूला मारलं ते यहुद्यांच्या सणाच्या दिवसांत, आणि त्यांचा सण पौर्णिमेला. म्हणून पौर्णिमा बघायची आणि तिच्या पुढचा रविवार धरायचा. दुसऱ्या महिन्याची पौर्णिमा वसंतातलीच की."

दल्ले तेव्हा माती मळत होती. ती म्हणाली, "आजोबा, एक अट राहिली. दिवस आणि रात्र समान होतात ना, त्या दिवसानंतरची पहिली पौर्णिमा. बाबा दरवर्षी तक्ता लिहिताना पुटपुटायचे."

"मग? समान कधी होतात?"

ते सरकारी पंचांगात असतं, आणि पंचांग कुंभाराच्या घरी कुठून येणार? दल्ले बाजारच्या दिवशी वैद्याच्या दुकानात गेली, रांजण खाली ठेवला आणि म्हणाली, "महाराज, सोयाबीनचा रस मुरत घालायचाय. शुभ दिवस बघता का? दिवस-रात्र समान व्हायच्या आधी घालू की नंतर?"

वैद्याने नाक मुरडत पंचांग उघडलं. "दुसऱ्या महिन्याची सत्तावीस. नंतर घाल. कुंभारणीलाही आता मुहूर्त लागायला लागले वाटतं!"

म्हणजे दुसऱ्या महिन्याची पौर्णिमा आधीच होऊन जाणार होती. तिसऱ्या महिन्याची धरायची. तिच्या पुढचा रविवार विसाव्या तिथीला येत होता.

रविवार तरी कुठून ठाऊक? तर दल्लेच्या कमरेला दोन कापडी पिशव्या होत्या आणि त्यांत मिळून सात घेवड्याच्या बिया. रोज सकाळी उठलं की एक बी डावीकडून उजवीकडे. सातवी गेली की रविवार. दोन वर्षं हा क्रम चुकला नव्हता. एकदाच, गेल्या थंडीत, ती तापाने चार दिवस बेशुद्ध होती. त्या चार दिवसांत बिया सासूने हलवल्या होत्या.

"हलवल्यात ना, आई? नक्की?"

"अगं, हलवल्या! मला मेलीला सातपर्यंत मोजता येत नाही का?"

पण दल्लेच्या मनात ती पाल चुकचुकत राहिली ती राहिलीच. शेजारची बुनी तर स्पष्टच बोलली. तिला दिवस गेले होते, म्हणून उपासातून सूट होती, पण नवऱ्याची भूक तिला बघवत नव्हती. "आजोबांच्या हिशेबाने सण लवकर उरकेल. तुझ्या हिशेबाने आणखी महिनाभर देठं चघळायची. चुकलीस तर?"

मेंग आजोबांनी बराच वेळ दाढी चोळली. मग म्हणाले, "पोरीच्या बापाने पंधरा वर्षं तक्ते लिहिले. आपण तिचं ऐकू." आणि हळूच, फक्त दल्लेला ऐकू जाईल असं, "चुकलीस तर माझ्याही माथी येईल. एकटी वाहू नकोस."

उपासात एक वेळ जेवण. मांस नाही, अंडं नाही. माणसं उपास करतात, कोंबड्या कुठे करतात? त्या घालतच राहतात. जुने फादर हसून सांगायचे की त्यांच्या गावी चाळीस दिवसांत टोपल्याच्या टोपल्या भरायच्या, मग सणाच्या सकाळी लोक ती अंडी रंगवायचे आणि एकमेकांना द्यायचे. ते आठवून तोकगोलमध्येही मंजिष्ठेच्या मुळ्या उकळून अंडी लाल करायची रीत पडली. सात घरांची अंडी दल्लेच्या अंगणातल्या एका रांजणात, जवाच्या भुश्यात पुरून ठेवलेली असत. तिथं सावली होती.

आणखी एक रीत होती. फादरांच्या देशात गुरुवारपासून देवळातल्या घंटा मुक्या व्हायच्या त्या थेट सणाच्या दिवशी वाजायच्या. तोकगोलमध्ये घंटा कुठली? तिथं दिवसभर वाजायचा तो माती धोपटण्याचा धोपटणा. म्हणून गुरुवारपासून धोपटणे बंद.

शुक्रवारी, तिसऱ्या महिन्याच्या अठरा तारखेला, गडी सगळे वर भट्टीवर होते. आग बुधवारी लावलेली, ती मधे सोडता येत नाही. रविवारी वाडीतून धूर निघाला नाही तर खालच्या गावचे लोक विचारतात, म्हणून भट्टी मुद्दाम या आठवड्यात धरली होती. खाली अंगणात दल्ले, सासू आणि भिंतीला टेकून बसलेले मेंग आजोबा. ऊन डोक्यावर आलं होतं. ऊन कलल्यावर सगळे आजोबांच्या घरी जमून प्रभूच्या मरणाची प्रार्थना म्हणणार होते.

"आहे का कुणी? मडकी बघायची होती!"

कुडाशी एक अनोळखी माणूस उभा होता. चाळिशीचा, पाठीवर ओझं वाहायची लाकडी घोडी, डोक्यावर बांबूची टोपी. म्हणाला, नाव ह्वांग, नदीकाठी सोयाबीनच्या काळ्या, मुरवलेल्या रसाचा धंदा आहे, सहा मोठे रांजण हवेत.

दल्लेने त्याला आत घेतलं आणि निरखून पाहिलं. घोडीचे पट्टे कोरे करकरीत होते. रांजण बघणारा माणूस खांद्याशी टिचकी मारतो आणि कान लावतो. हा काठावर टकटक करत होता, दार वाजवल्यासारखा. बोटं नाजूक. रसाच्या धंद्यातल्या माणसाच्या नखांतून काळपटपणा जात नाही, याची नखं स्वच्छ होती.

"इतकं शांत कसं?" तो इकडेतिकडे बघत म्हणाला. "कुंभारवाडी, आणि धोपटण्याचा आवाज नाही?"

"भट्टी पेटली की माती कोण बडवतं?" सासू म्हणाली. "आवाज पाहिजे असेल तर मी ओरडते थोडा वेळ."

तो हसला. पण डोळे हसले नाहीत. एकेका रांजणाचं झाकण उचलून तो आत बघू लागला. पहिला. दुसरा. तिसरा. दल्ले त्याच्या मागे मागे.

"तिकडचे नका बघू. तडकलेले आहेत."

हे बोलायला नको होतं, हे तिला बोलता बोलताच कळलं. तो थांबला, वळला आणि थेट सावलीतल्या रांजणापाशी गेला. झाकण उचललं. भुश्यात हात घातला. हात बाहेर आला तेव्हा त्यात अंडं होतं. त्याने पुन्हा हात घातला, कोपरापर्यंत, आणि आत चाचपत राहिला.

"पन्नास-साठ तरी असतील."

"कोंबड्या घालतात," सासू म्हणाली.

"घालतात खऱ्या. पण या मोसमात डोंगरात लोक साली उकडून खातायत. आणि तुमच्याकडे महिनाभर अंड्याला कुणाचा हात लागलेला नाही?" तो सावकाश बोलत होता. "कसं काय?"

धरपकडीच्या वेळी शिपाई असंच करायचे, हे वाडीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. उपासाच्या दिवसांत यायचे, ताटात मांस वाढायचे आणि कोण हात मागे घेतं ते बघायचे. पिलसॉकला तसंच ओळखलं होतं.

"लग्न आहे," दल्ले म्हणाली.

"कुणाचं?"

"माझं."

ह्वांगने पांढऱ्या केसांच्या म्हातारीकडे पाहिलं, मग दल्लेकडे. "ही आई का तुमची?"

"सासू."

"सासूच्या देखत दुसरं लग्न?"

"देखत काय, मीच जमवलंय!" सासू एकदम कडाडली. "माझा मुलगा गेला, मी किती दिवसांची? मागं हिला कोण? वरची घराणी विधवेला कोंडून ठेवतात, ठेवू देत. आम्ही मडकी करणारी माणसं. तुम्हाला रांजण हवेत की आमची अब्रू?"

"तसं नाही हो, आजी. कधी आहे लग्न?"

"विसाव्या तिथीला," दल्लेच्या तोंडून निघून गेलं. खोटं सुचवताना तिच्या डोक्यात एकच तारीख होती.

हातातलं अंडं त्याने दोनदा फिरवलं. मग म्हणाला, "विसाव्या. परवा. छान. मग मी काही लग्नापर्यंत थांबू शकत नाही, पण चालून भूक लागलीय. दोन अंडी उकडून द्या. एक मला, एक नवऱ्या मुलीला. एकट्याने कसं खायचं?"

दल्लेने चूल पेटवली. तिला वाटत होतं, आपले हात दुसऱ्या कुणाचे तरी आहेत. आज प्रभूला खिळे ठोकले तो दिवस. आज पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही, असं ती बापाच्या मांडीवर शिकली होती. समोर हा माणूस बसला होता, आणि वर भट्टीवर सहा गडी होते, बुनीच्या पोटात मूल होतं, भिंतीशी आजोबा होते. आजोबांना दिसत नव्हतं, पण त्यांनी मान खाली घातली होती, जशी प्रार्थनेत घालतात.

तिने अंडं सोललं. दोन घासांत खाल्लं. मीठही लावलं नाही. वर पाण्याचा घोट घेतला आणि तोंड पुसलं.

माणूस तिच्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी विझलं. तो उठला, अंडं हातात घेऊन रांजणांच्या रांगेमागे गेला, तिथून डोंगराकडे बघत राहिला. परत आला तेव्हा हात मोकळा होता. लोणच्याचं एक लहान मडकं नमुना म्हणून घेतलं, पैसे ठेवले, रांजणांचं नंतर बघू म्हणाला आणि खिंडीच्या वाटेला लागला.

"गेला?" आजोबांनी विचारलं.

"गेला."

"शिपाई होता?"

दल्ले तोपर्यंत रांजणांच्या मागे गेली होती. उलटी करायला गेली होती खरं तर. तिथं एक कोंबडी पेंढ्याखाली चोच मारत होती. दल्लेने तिला हाकललं. पेंढ्यात उकडलेलं अंडं होतं, एका बाजूने टोचलेलं. माणसाने एक तुकडासुद्धा खाल्ला नव्हता.

मग अंगणात येऊन म्हणाली, "आजोबा, त्याने खाल्लं नाही."

"काय?"

"अंडं. लपवून टाकलं. भूक लागली म्हणाला आणि टाकलं."

सासू म्हणाली, "विष घातलंय असं वाटलं असेल त्याला. तुझं तोंडच तसं झालं होतं."

"आई, आज शुक्रवार आहे."

मेंग आजोबा काठीवर भार देत उठले. "पोरी, हा डावही असू शकतो. मागे यावं म्हणूनच टाकलं असेल. जाऊ नकोस."

"आणि डाव नसला तर? आपल्यातलाच कुणी दारात आला आणि मी त्याच्यासमोर अंडं खाल्लं. तो काय समजून गेला असेल?"

"ते प्रभूवर सोड."

"आजोबा, मी खाल्लंय. मीच जाणार."

सासू तोपर्यंत झोपडीत जाऊन आली होती. तिच्या हातात एक लहान झाकण होतं. "हे घे. त्या मडक्याचं. विचारलं कुणी तर झाकण द्यायला आलेय म्हण. आणि नीट बघून बोल, घाईत पुन्हा लग्न ठरवू नकोस."

खिंडीची चढण दल्लेने कधी इतक्या वेगाने चढली नव्हती. माथ्यावर दगडांची रास आहे, झाडाला चिंध्या बांधलेल्या. जाणारा-येणारा डोंगराच्या देवासाठी तिथं एक दगड टाकतो. तिने झाडाआडून पाहिलं. ह्वांग राशीपाशी बसला होता, टोपी काढून, डोकं हातांत धरून. त्याच्यापासून दहा पावलांवर एक लाकूडतोड्या मोळी टेकवून घाम पुसत होता.

एकटा असता तर वेगळं. आता परत फिरावं का? लाकूडतोड्या खालच्या गावचा, रोज बाजारात बसणारा. त्याने दल्लेला पाहिलंही होतं.

"अहो सौदागर! झाकण राहिलं तुमचं!"

ह्वांग ताडकन उभा राहिला. तिला पाहून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तेव्हा दल्लेच्या ध्यानात आलं: हा मला घाबरतोय. अंडं सापडलं हे याला कळलंय.

"झाकणापायी एवढी चढण?" लाकूडतोड्या म्हणाला.

"झाकणाशिवाय मडकं गेलं तर भट्टीचं नाव जातं, दादा." तिला धाप लागली होती. झाकण पुढे करत ती ह्वांगला म्हणाली, "आणि माझ्या लग्नाचं आमंत्रण रीतसर द्यायचं राहिलं. विसाव्या तिथीला. घरी सगळ्यांना सांगा. थांबलेत त्यांना सांगा."

ह्वांगने झाकण घेतलं नाही. तिच्या तोंडाकडे बघत तो हळूहळू म्हणाला, "विसावीच कशी? आमच्याकडेही एक लग्न आहे. जाणत्यांत भांडण लागलंय. काही म्हणाले, दुसऱ्या महिन्याच्या पौर्णिमेपुढचा दिवस. निम्म्या घरांनी त्याच दिवशी उरकूनही घेतलं. निम्मी घरं अजून... थांबलीत. एकमेकांच्या घरी जात नाहीत."

"दुसऱ्या महिन्याची पौर्णिमा झाली तेव्हा रात्र अजून दिवसाहून मोठी होती," दल्ले म्हणाली. "सत्तावीसला दोन्ही समान झाले. त्यानंतरचा चंद्र धरायचा असतो. पंचांग बघूनच सांगतेय."

"आणि आज... आज कोणता दिवस धरलाय तुम्ही?"

"लग्नाआधी दोन दिवस. ज्या दिवशी घरात कुणी जेवत नाही तो."

ह्वांगने मान डोलावली. एकदा, दोनदा, मग डोलावतच राहिला.

"काय हा हिशेब!" लाकूडतोड्या मोळी उचलत म्हणाला. "चंद्र काय, रात्र काय! मला बापाने कान धरून मांडवात नेलं, संध्याकाळी कळलं लग्न माझंच आहे. नवरी, तुझा नवरा शहाणा दिसतोय. बघ बाई." आणि राशीवर एक दगड फेकून तो उतरणीला लागला.

दोघंही तो वळणाआड जाईपर्यंत उभे राहिले. दगड कुणीच टाकला नाही.

"अंडं का खाल्लंत?" ह्वांगने विचारलं. आवाज फाटला होता.

"तुम्ही का नाही खाल्लंत?"

तो खाली बसला आणि हमसून रडू लागला. तो सौदागर नव्हताच. घोड्याच्या केसांच्या टोप्या विणणारा माणूस, पलीकडच्या खोऱ्यातला. त्यांच्याकडे तारखेवरून दोन तट पडले होते, सख्ख्या भावांत बोलणं नव्हतं. त्याला पाठवलं होतं, कुठंतरी आपली माणसं शोध आणि खरा दिवस विचारून ये. बारा दिवस तो हिंडत होता. धोपटण्याचा आवाज नाही, रांजणात अंडी आहेत, विसावी तिथी आहे, एकेक गोष्ट जुळत गेली आणि त्याचं काळीज वर आलं. "मग म्हटलं, एकदा खात्री करू. तुम्ही खाल्लंत, आणि मला वाटलं संपलं सगळं. खरंच लग्न आहे यांच्याकडे."

"मला वाटलं तुम्ही शिपाई."

"मी?" तो रडता रडता हसला. "मला तर मडक्याचं वरचं तोंड कुठलं तेही कळत नाही."

"ते दिसलं," दल्ले म्हणाली.

त्याला तिने मोजणी तीनदा म्हणायला लावली. परत निघाली तेव्हा तिला दोन गोष्टी एकदम जाणवत होत्या. बिया बरोबर होत्या, दुसऱ्या खोऱ्यातल्या माणसाचा शुक्रवारही हाच होता. आणि पोटात ते अंडं होतं.

मेंग आजोबांना तिने सगळं सांगितलं. ते म्हणाले, "याची क्षमा मी नाही देऊ शकत. मी फादर नाही. तुझ्यासोबत वाट बघू शकतो." पुढच्या थंडीत ते वारले, वाट बघणं तिच्या एकटीवर टाकून.

विसाव्या तिथीला झुंजुमुंजू होताच सातही घरं जमली. लाल अंडी वाटली. दल्लेने आपलं बुनीपुढे सरकवलं, तर सासूने मनगट धरलं. "शुक्रवारी परक्यासमोर खाल्लंस. आज माझ्यासोबत खा." मग तिने खाल्लं, आणि तिला रडू फुटलं, आणि सासू म्हणाली, "नवरी मुलगी रडायचीच."

कारण लाकूडतोड्याने बातमी सगळ्या बाजारात केली होती. नवरा कुठला, काय करतो, विचारून लोकांनी दल्लेला हैराण केलं. सासूने आधी नवरदेवाला ताप आणला, मग पाय मोडला, शेवटी नदीत वाहून नेला. त्याच्यासाठी ती दोन दिवस खरीखुरी हळहळलीही.

उन्हाळ्यात पुन्हा धरपकड सुरू झाली. तोकगोल रिकामं करावं लागलं, भट्टी थंड पडली. दल्ले आणखी आत, आणखी उंचावरच्या वाडीत गेली. पण दर हिवाळ्याच्या शेवटी ह्वांग मडकी मागायला म्हणून तिला शोधत यायचा आणि विसाव्या की बाविसाव्या तिथीचं 'लग्न' घेऊन जायचा. त्याच्याकडून ते दुसऱ्या खोऱ्यात, तिथून तिसऱ्यात. कुठे किती घरं तिच्या बियांवर उपास करत होती, हे तिलाही कधी कळलं नाही.

आठ वर्षांनी पुन्हा एक फादर आले. तरुण, भाषा तोडकीमोडकी, शोकाच्या कपड्यांत तोंड झाकून आणलेले. दल्ले त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसली आणि सगळ्यांत आधी अंड्याचं सांगितलं.

"भीतीने खाल्लंस की गावासाठी?"

"दोन्ही, फादर."

त्यांनी थोड्या प्रार्थना सांगितल्या, क्षमा दिली. मग कुतूहलाने आपलं छापील पुस्तक काढून विचारलं, इतकी वर्षं सण कोणत्या दिवशी केलात? तिने एकेक तिथी सांगितली. ते बोट फिरवत गेले. बरोबर. बरोबर. बरोबर. एका ठिकाणी बोट थांबलं.

"माकडाच्या नावाच्या वर्षी तुम्ही आठवडाभर आधी केलात. आमचं गणित थोडं वेगळं असतं. त्या वर्षी पौर्णिमा रविवारी धरली होती, म्हणून सण पुढच्या रविवारी. तुम्ही शनिवारी धरलीत."

दल्ले ताडकन उभी राहिली. फादरांशी असं कुणी बोलत नाही, पण ती बोलली. "शनिवारीच होती. मी अंगणात उभी राहून पाहिली होती. इतका गोल चंद्र मी जन्मात पाहिला नाही."

"चंद्र खरा असेल," फादर शांतपणे म्हणाले, "पण पुस्तकात..."

"मग पुस्तक लिहिणाऱ्याने वर नव्हतं बघितलं!"

बाहेर दाराशी बसलेली सासू खोकल्यासारखं हसली. फादर आधी गोंधळले, मग तेही हसले. त्यांनी पुस्तकातला पुढच्या वर्षाचा तक्ता तिच्यापुढे ठेवला आणि विचारलं, नकला करता येतील का, पंचवीस तरी हव्यात. दल्लेने बोटं कपड्याला पुसली, दोनदा, मग घरात कुठे शाई आहे का ते बघायला गेली.